फिटरीणबाईंचा पंप

गाडी नवऱ्याची, आजारपण नवऱ्याचं आणि पंप उघडून बसली बायको, असा सगळा उफराटा कारभार होता.

गल्लीत नवऱ्याला फिटरसाहेब म्हणत. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर म्हणून काढली, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. ओघाने बायको झाली फिटरीणबाई. वास्तविक तिचा स्वतःचा धंदा शिवणाचा. पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे, आणि हौसेचं भरतकाम. तिच्या हातची शिवण कुणी उसवून दाखवावी म्हणून पैज लावावी, अशी घट्ट. पण लोकांना एकदा एक नाव सापडलं की दुसरं शोधायचा कंटाळा येतो.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी चहा पिता पिता फिटरसाहेबांच्या हातातला कप सुटला. ती ओरडणार होती, नवा कप होता, तेवढ्यात त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं तिला दिसलं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला आणि वाचा पार गेली. शब्द म्हणून फुटेना. उरली ती फक्त मान. काहीही विचारा, मान आपली वरखाली. भूक लागली? मान. पोट भरलं? मान. एकदा तिने थट्टेत विचारलं, "मी कोण, तुमची आई का हो?" त्यावरही नंदीबैलासारखी मान हलली. तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

मोठ्या इस्पितळात बोलणं परत शिकवणारं एक केंद्र होतं. जागा मोजक्या, रांग मोठी. फिटरसाहेबांचा नंबर लागला तो सोमवारी सकाळी दहाचा. दोघे तज्ज्ञ त्यांना तपासणार आणि एवढंच ठरवणार की माणसाची समज शाबूत आहे का. असली तर शिकवणी लगेच सुरू. नसली, किंवा माणूस आलाच नाही, तर जागा रांगेतल्या पुढच्याला. डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "जे परत यायचं ते पहिल्या तीन-चार महिन्यांत येतं. नंतर फार आशा धरू नका."

तर सोमवारी दहा वाजता नवऱ्याला तिथे नेणं, एवढं एकच काम जगात उरलं होतं. आणि शुक्रवारी गाडी चालू होईना.

टॅक्सी का नाही केली, असं विचारणारे पुष्कळ भेटले. अहो, केली होती की. मागच्या आठवड्यात तपासणीला न्यायचं म्हणून केली, तर फिटरसाहेबांनी डाव्या हाताने दाराची चौकट अशी धरली की तिला, टॅक्सीवाल्याला आणि शेजारच्या काकांना मिळून एक बोट सोडवता आलं नाही. टॅक्सीवाला वैतागून निघून गेला. त्यांच्या स्वतःच्या पस्तीस वर्षांच्या गाडीत मात्र ते मुकाट बसायचे. इतके दिवस ती गाडी कशीबशी तीच चालवत होती. आता गाडीनेही मान टाकली.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून वास घेतला. "पेट्रोलचा पंप गेला बाई. आतला रबरी पडदा फाटलाय. हा पंप आता मिळत नाही. विजेवरचा बसवावा लागेल. गाडी ठेवून जा, गुरुवारी बघतो."

"गुरुवारी मला काय उपयोग? सोमवारी जायचंय."

"मग मी तरी काय करू?" असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरलासुद्धा.

घरी येऊन तिने नवऱ्याचे कप्पे उपसले. त्या माणसाने आयुष्यात एक खिळा फेकून दिला नव्हता, आणि पहिल्यांदाच ते बरं झालं. तिसऱ्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पंपाचा नवा पडदा निघाला. काळा, वाटीच्या तोंडाएवढा, मधोमध लोखंडी काडी आणि कडेला सहा भोकं. सोबत दोन वॉशर. कागद, चित्र, सूचना काही नाही. पडदा एकच होता.

आता हे बाईचं काम नव्हे, असं कुणी म्हणालं असतं तर तिने त्याला दारातून घालवलं असतं. तीस वर्षं हा माणूस गाडीत डोकं घालायचा तेव्हा टॉर्च कोण धरायचं? हीच. दहाचा पाना कुठला, बाराचा कुठला, न बघता हातात कोण द्यायचं? हीच. फक्त एक होतं. जरा वाकून आत काय चाललंय बघायला गेली की ते खेकसायचे, "टॉर्च धर. हात मध्ये घालू नकोस." त्यामुळे टॉर्च धरण्यात ती पारंगत झाली, आणि टॉर्चच्या उजेडात नेमकं काय व्हायचं ते तिने कधी पाहिलंच नाही.

शनिवारी सकाळी तिने पंप काढला. पेट्रोलची नळी सोडवली, तिच्या तोंडात पेन्सिलीचा तुकडा खुपसला म्हणजे गळायचं थांबलं, दोन नट काढले आणि पंप हातात आला. मोठ्या पेरूएवढा, तेलाने माखलेला, एका बाजूला लोखंडी दांडी बाहेर आलेली. इंजिन फिरलं की ती दांडी खालीवर होते, दांडी पडद्याला ओढते, पडदा पेट्रोल ओढतो. इतकं तिला माहीत होतं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडीची चावी बंद केली. नवऱ्याला एकटं सोडायची सोय नव्हती, म्हणून त्यांना समोरच्या खुर्चीत आणून बसवलं. डाव्या हातात दाबायला दिलेला रबरी चेंडू होता. वरच्या आणि खालच्या भागावरून तिने खडूने एक रेघ मारली, परत बसवताना रेघेला रेघ जुळली की झालं. शिवणातली खूण ती, कापण्याआधी करतात तशी. मग सहा स्क्रू काढले. वरचं झाकण सुटलं. जुना पडदा वाळलेल्या सालीसारखा तडकला होता.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायची. हात बरबटलेले, म्हणून बाईंनी कोपराने फोनचा स्पीकर लावला.

"ताई, काय चाललंय?"

"पंप दुरुस्त करतेय."

"कसला पंप? तुला वेड लागलंय का? एवढा आटापिटा कशासाठी करतेस, त्यांना काही कळतं का तरी?"

बाईंनी समोर बघितलं. फिटरसाहेब बघत होते, पण ते हल्ली भिंतीकडेही तसेच बघायचे. पाच आठवड्यांचा शीण, अपुरी झोप, रोज उठवणं, बसवणं, पुसणं, सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"कळत असतं तर काय हवं होतं गं. माझा नवरा त्या दिवशीच गेला. हे जे उरलंय ना, त्याला मी नुसतं जेवू घालतेय."

"मग तेच म्हणते मी. अशा माणसांना सांभाळतात त्या संस्थेत ठेव. चांगली आहे, मी बघून आलेय. तू किती दिवस पुरणार?"

"सोमवारी काय सांगतात ते बघू. नाही म्हणाले तर ठेवू. मला नाही झेपत आता."

"शहाणी आहेस," बहीण म्हणाली आणि फोन ठेवला.

बाईंनी नाक खांद्याला पुसलं आणि नवा पडदा हातात घेतला. काडी खाली सोडून जरा गिरकी दिली की ती आत दांडीला अडकते. हे तिला चौथ्या खेपेला जमलं. मग पडदा कडेवर पसरायचा, सहा भोकांवर सहा भोकं आणायची, वर झाकण ठेवून स्क्रू आवळायचे. आता हे तर तिचंच काम झालं. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड बसवायचं तसंच. सुरकुती नको, ओढ सगळीकडून सारखी, मध्ये टिचकी मारली तर टण वाजलं पाहिजे. तिने बोटांनी पडदा सपाट केला, इतका सुरेख बसला की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

आणि फिटरसाहेबांनी चेंडू टाकून हात पुढे केला. अंगठ्याने पंपाची दांडी दाबली. दांडी खाली गेली तसा पडदा मधोमध खाली ओढला गेला, कडेला सुरकुत्या पडल्या, चांगला झोळ आला.

"अहो, काय करताय? आत्ता नीट बसवलाय."

तिने त्यांचा हात बाजूला केला. पडदा परत सपाट केला. दोन स्क्रू लावले. परत हात आला, परत दांडी दाबली, परत झोळ. आणि यावेळी हात दांडीवरच राहिला, सुटेना. तिने एकेक बोट सोडवलं.

"हात मध्ये घालू नका," ती खेकसली. वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ते कुणाचं आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि ती जराशी हसलीसुद्धा. "बघा, आली की नाही माझी पाळी. असं हवं ना? सपाट?"

मान वरखाली हलली.

तिसऱ्यांदा हात आला तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. तिने तो हात उचलला, चेंडू त्यात कोंबला आणि हात त्यांच्या स्वेटरच्या खिशात घालून वरून खिशाची गुंडी लावली. फिटरसाहेबांच्या घशातून एक आवाज आला. असे आवाज दिवसातून पुष्कळ यायचे. तिने समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून आवळले, हलका हात, मग घट्ट हात, मग दात ओठ खाऊन अजून अर्धा फेरा. शिवण पक्की झाली.

रविवारी पंप चढवला. किल्ली फिरवली तर नुसतीच घरघर. सात वेळा, आठ वेळा. नवव्या वेळी इंजिनाने खोकला काढला आणि गाडी चालू झाली. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "वा फिटरीणबाई, आता खऱ्या फिटरीण झालात." तिला हसू आवरेना. तिने नवऱ्याला बसवून गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली. ते सगळा वेळ बॉनेटकडे बघत होते. तिला वाटलं, आवाज ऐकून बरं वाटत असेल.

सोमवारी साडेसातला निघाले. रस्ता दीड तासाचा, तिने एक तास जादा धरला होता. फिटरसाहेबांची दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. वाटेत ती त्यांना समजावत होती. "ते दोघे काही विचारतील. नुसती मान हलवायची नाही. नाही असेल तर नाही म्हणायचं, असं, आडवी. कळलं?" मान हलली, उभी. तिने परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

शहर अर्ध्या तासावर आलं आणि चढ लागला. चढावर गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. तिने गिअर उतरवला, पाय दाबला, मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घातलं. गाडी कडेच्या खडीवर जाऊन थांबली ती थांबलीच.

बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. पंपाच्या पोटाला एक बारीकसं भोक असतं, त्यातून टिपटिप गळत होतं. साडेआठ वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने डिकीतून हत्यारं आणली, नळीत पेन्सिल खुपसली, नट काढले. बॉनेटखाली काही दिसेना, म्हणून पंप घेऊन ती नवऱ्याच्या बाजूला आली, दार उघडलं आणि त्यांच्या पायांशी खडीवर बसून तिने सहा स्क्रू काढले.

पडदा फाटला होता. स्क्रूच्या कडेकडेने, अर्ध्या वर्तुळात, शिवणीवरून कापड फाटावं तसा. जुना पडदा कितीतरी वर्षं चालला आणि हा एक दिवस नाही. तिला काही सुचेना. पर्समध्ये सुईदोरा होता, तो कायमच असतो, पण इथे सुई काय करणार.

वरून डावा हात आला. तिने यावेळी अडवला नाही, अडवायची ताकदच नव्हती. फिटरसाहेबांनी पंपाचा खालचा भाग उचलून आपल्या मांडीवर घेतला, दोन मांड्यांत धरला, आणि अंगठ्याने दांडी दाबली. फाटका पडदा खाली गेला. त्यांनी दांडी दाबून तशीच धरली आणि मान वळवून तिच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. मग पंपाच्या भोकांकडे. मग तिच्याकडे. दांडी सोडली. परत दाबली, परत धरली, परत स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. पंपघरातल्या नव्या कामगाराला दाखवावं, तसं सावकाश.

तेव्हा तिला कळलं. दांडी दाबून पडद्याला झोळ द्यायचा आणि मग स्क्रू आवळायचे. पडदा खालीवर व्हायला तो झोळच लागतो. तिने रिंगमध्ये कापड ताणावं तसा ताणून आवळला, आणि दांडीने ओढ दिल्यावर त्याच्याजवळ सोडायला काही उरलंच नव्हतं. शनिवारी ते हेच सांगत होते. एकदा नाही, तीनदा सांगितलं. आणि तिने त्यांचा हात खिशात घालून वरून गुंडी लावली.

तिने केंद्रात फोन लावला. पलीकडची मुलगी नीट बोलत होती, वाईट नव्हती.

"आज नाही जमलं तर पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळेल."

"तीन महिन्यांनी काय उपयोग? आम्ही रस्त्यात आहोत. गाडी बंद पडलीय. त्यांना सगळं कळतं हो, मला आत्ता कळलं. दुपारी घ्या, चार वाजता घ्या."

"थांबा, अर्ज बघते." कागद चाळल्याचा आवाज आला. "यात 'रुग्णाला बोललेलं समजतं का' याच्यापुढे 'नाही' लिहिलंय."

"ते मीच लिहिलं होतं."

"मग आता कशावरून म्हणता?"

"त्यांनी पंप कसा बसवायचा ते दाखवलं."

"मी टिपून ठेवते," मुलगी म्हणाली. "पण आजची जागा मला पुढच्यांना द्यावी लागेल. सॉरी हं, काकू."

गाडी ओढून नेणाऱ्याने दोन तास लागतील म्हणून सांगितलं. बाई फोन हातात धरून उभी राहिली. एका गोष्टीकडे बघायचं ती टाळत होती. पण किती टाळणार? शनिवारी टेबलाशी त्यांना पंपातलं एवढं बारीक कळत होतं, तर टेबलावरचा फोनही ऐकू येतच होता. माझा नवरा त्या दिवशीच गेला. हे जे उरलंय त्याला मी नुसतं जेवू घालतेय. नाही म्हणाले तर ठेवू. आणि हे सगळं ऐकल्यावर त्या माणसाने काय केलं, तर चेंडू टाकला आणि तिचा पडदा चुकतोय म्हणून हात पुढे केला.

तिला गाडीत जाऊन बसवेना. नव्या नवरीला लाज वाटणार नाही इतकी लाज तिला चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची वाटली. ती गाडीच्या पुढे जाऊन, वर केलेल्या बॉनेटच्या आड उभी राहिली. तिथून ते दिसत नव्हते आणि त्यांना ती दिसत नव्हती. रिकाम्या जागेकडे, पेन्सिल खुपसलेल्या नळीकडे ती बघत राहिली. काय सांगायचं जाऊन? चिडून बोलले म्हणायचं? चिडून नव्हतीच बोलली. खरं वाटलं तेच बोलली होती, हेच तर वाईट होतं.

हॉर्न वाजला.

ती दचकली. परत वाजला, लांब. त्यांच्या सीटवरून स्टिअरिंगपर्यंत डावा हात पोचवायचा म्हणजे अख्खं अंग वळवायला हवं, आडवं पडायलाच हवं जवळजवळ. पडतील म्हणून ती घाबरली, पण जागची हलली नाही. हॉर्न थांबेना. पलीकडून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने वेग कमी करून बघितलं आणि निघून गेला.

शेवटी तिने बॉनेटची काठी काढली आणि बॉनेट खाली केलं. काचेपलीकडे फिटरसाहेब ड्रायव्हरच्या सीटवर वाकडे कलंडले होते. इस्त्रीचा सदरा वर सरकला होता आणि तोंडातून लाळ आली होती. ते रागावले होते. पाच आठवडे तिने त्या चेहऱ्यावर काहीतरी दिसावं म्हणून नवस करायचा तेवढा बाकी ठेवला होता, आणि आता दिसत होतं ते हे. तिच्यावरच रागावले होते, आणि ते बोलून दाखवायला त्यांच्याजवळ हॉर्नशिवाय काही नव्हतं.

ती दार उघडून आत गेली, त्यांना दोन्ही हातांनी धरून सरळ बसवलं, तोंड पुसलं. मग शेजारी बसली. अजून पावणेदोन तास होते, आणि ते तिच्याकडेच बघत होते.